बिनपाण्याची हजामत

मी डाळिंबाचं झाड बोलतोय. उंचीनं म्हणाल तर तुमच्या कोपरापासून मनगटापर्यंत भरेन. घरी कुणी पाहुणे आले की माझ्यासमोर वाकतात आणि लाडात येऊन म्हणतात, "अय्या, किती गोड! झाडाचं बाळ आहे का हो हे?"

बाळ! माझं खोड बघा जरा. साल कशी पिळवटलीये, बुंध्याला कशी गाठ आलीये, ते बघा. मला बाळ म्हणणाऱ्यांपैकी निम्मे लोक माझ्यानंतर जन्मले असतील. पण जे लहान दिसतं त्याच्याशी बोबडं बोलायचं, ही माणसांची खोडच आहे. बोला बापडे.

बोन्साय म्हणतात मला. म्हणजे मी बुटक्या जातीचा आहे असं नाही. माझी भावंडं माणसाच्या डोक्याच्या वर जातात. मला कापून, वळवून, उथळ कुंडीत बसवून असं लहान राखलंय. माझं काही म्हणणं नाही त्याला. पण एक गोष्ट कुणाच्या डोक्यातच शिरत नाही. झाड लहान राखता येतं, त्याची तहान नाही. जमिनीतल्या झाडाला पाणी कमी पडलं तर ते मूळ खाली सोडतं, शोधतं, कुठून तरी ओल मिळवतं. मी कुठे शोधू? माझ्या खाली चार बोटं माती आणि मग चिनीमातीचा तळ. उन्हाळ्याच्या दिवसात सकाळी प्यायलेलं दुपारपर्यंत उडून जातं. म्हणजे मला माणसांच्या भरवशावर जगावं लागतं. यापेक्षा वैतागवाणं जगणं कुणाचं असेल तर त्यानं मला येऊन भेटावं.

सुरुवात मात्र चांगली झाली होती. एका नर्सरीच्या कडेनं डाळिंबांचं कुंपण होतं, त्यातली मी एक छाटलेली फांदी. बाकीच्या फांद्या कचऱ्यात गेल्या. मला नर्सरीच्या मालकानं उचललं आणि ओल्या वाळूत खोचलं. त्यांना सगळे आबा म्हणायचे. आबा कमी बोलायचे आणि जे बोलायचे ते बहुतेक रागावूनच. "पाणी घातलं का?" असं ते कुणाला विचारायचे नाहीत. स्वतःचं बोट मातीत खुपसून बघायचे. बोट कोरडं निघालं की पाणी घालायचे, कुंडीच्या खालच्या भोकांतून ते वाहून जाईपर्यंत. मग थोडं थांबायचे आणि पुन्हा घालायचे. पहिल्या पाण्यानं माती नुसती जागी होते, दुसरं पाणी तिच्या पोटात जातं, असं त्यांचं म्हणणं. दुपारचं ऊन चढायला लागलं की मला लाकडी बाकाच्या सावलीच्या बाजूला सरकवायचे. फांद्यांना तार गुंडाळून वळण द्यायचे आणि सालीत रुतायच्या आधी ती तार आठवणीनं सोडवायचे.

अशी बरीच वर्षं गेली. मग आबांचे गुडघे गेले. नर्सरी आवरून ते मुलीकडे राहायला निघाले. मुलीचं घर उंच इमारतीत, गच्ची नाही, ऊन यायला जागा नाही. मग त्यांनी आपली झाडं एकेक करून लोकांना देऊन टाकली. कुणाला कुठलं द्यायचं याचा ते फार विचार करायचे. माझ्याबद्दल सगळ्यात जास्त केला असावा, कारण मी सगळ्यात शेवटी राहिलो. आणि इतका विचार करून त्यांनी मला कुणाच्या हवाली केलं? तर त्यांचे केस कापणाऱ्या सलूनवाल्याच्या!

रिक्षात मला मांडीवर घेऊन आबा सलूनमध्ये आले. मला आरशासमोर ठेवलं आणि स्वतः खुर्चीत बसले. सलूनवाल्याला सारं गिऱ्हाईक दादा म्हणायचं. पन्नाशीचा, नीटनेटका माणूस. कंगवे उंचीप्रमाणे लावलेले, कात्र्या पुसून ठेवलेल्या. हात तर असा चालायचा की मी आरशात बघतच राहिलो. त्यानं आबांच्या तोंडाला फेस लावला आणि आबा त्या फेसातूनच बोलायला लागले.

"नीट ऐक. आधी पाणी. मग सावली. मग माती. कापणं सगळ्यात शेवटी."

"मान जरा वर, आबा."

"रोज बोटानं बघायचं. भर उन्हाळ्यात दोनदा पाणी लागेल. पानांवर नाही, मातीत."

"ओठ मिटा."

"ऐकतोयस ना?"

"ऐकतोय हो. आकार किती सुंदर आहे बघा याचा! कडा जरा वाढल्यात. मी बघतो, तुम्ही काळजीच करू नका."

मी त्याच क्षणी ओळखलं. पालथ्या घड्यावर पाणी. या माणसाला एवढ्या बोलण्यातून एकच शब्द ऐकू आला होता, तो म्हणजे कापणं. पण मला तोंड नाही, आणि आबांच्या तोंडात साबण गेला होता.

सुरुवातीला त्यानं मला आरशासमोरच ठेवलं. शोभेला. वर पंखा, कोपऱ्यात ट्यूबलाइट आणि दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या डोक्यावर मारलेल्या सुवासिक फवाऱ्याचा माझ्यावर सडा. माझी पानं पिवळी पडून गिऱ्हाइकांच्या मांडीवर गळायला लागली. एक दिवस त्याची बायको आत आली. ती लोकांना गाडी चालवायला शिकवायची, तिचा स्वतःचाच वर्ग होता. गिऱ्हाईक तिला वहिनी म्हणायचं आणि तिच्या आवाजाला वचकून असायचं. शेजारी बसलेल्या शिकाऊ माणसाला वेळीच थांबवून थांबवून तो आवाज तसा झाला होता.

"अहो, झाड आहे ते, टॉवेल नाही!" ती म्हणाली. "बाहेर ठेवा त्याला. ऊन लागतं झाडांना."

बाई योग्य तेच बोलली. पण अर्धंच. दादानं मला उचललं, दुकानावरच्या गच्चीत नेलं आणि सिमेंटवर ठेवून दिलं. दिवसभर ऊन. शेजारी सलूनच्या एसीची बाहेरची पेटी, तिचं तोंड नेमकं माझ्याकडे. आत गिऱ्हाईक गारव्यात डुलक्या घेणार आणि त्या गारव्याची सगळी गरम वाफ माझ्या अंगावर. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हे. कुंडी गडद निळी, दुपारी तिला हात लावला तर चटका बसेल. माणसं अनवाणी पायानं त्या गच्चीवर टुणटुण उड्या मारत चालायची आणि माझी मुळं मात्र त्यातच बसून होती.

आणि पाणी? ऐका. गिऱ्हाइकाचे केस ओले करायची फवाऱ्याची बाटली असते ना, ती घेऊन हा वर यायचा. फुस, फुस, फुस. पानं चकाकायची. मान तिरपी करून कौतुकानं बघायचा आणि म्हणायचा, "कसा टवटवीत दिसतोय!" मग कात्री काढून कडेची दोन पानं उडवायचा आणि खाली जायचा. मातीवर एक थेंब नाही. माझ्या आयुष्यात मी बिनपाण्याची हजामत ऐकली होती, पण ती रोज, न चुकता, इतक्या प्रेमानं होताना तिथेच पाहिली.

प्रेमानं, हेही खरंच. त्यामुळे धड रागावताही यायचं नाही.

वहिनी कपडे वाळत घालायला यायची. चादरी पिळलेल्या नसल्या की त्यांचं पाणी टपटपत माझ्या कुंडीत पडायचं. मी जगलो तो त्या चादरींवर. त्यातही साबण होता, पण तहानलेल्याला कसली चव?

दादाचं एक नेहमीचं गिऱ्हाईक होतं, वकीलसाहेब. त्यांना सगळ्यातलं सगळं कळायचं. उचलली जीभ लावली टाळ्याला. त्यांनी दादाला सांगितलं, की केस म्हणजे उत्तम खत. झालं! दुसऱ्या दिवशी दादा सुपलीभर केस घेऊन वर आला. काळे, पांढरे, मेंदी लावलेले. माझ्या मातीवर त्यानं त्यांची गादी पसरली. वाऱ्यानं ते उडून माझ्या फांद्यांत अडकले. उरले ते दाबून बसून त्यांचा घोंगडीसारखा नमदा झाला आणि चादरीचं पाणीसुद्धा त्यावरून ओघळून बाहेर जायला लागलं. केसानं गळा कापणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं.

तेवढ्यावर भागलं नाही. ऊन वाढलं, माझी पानं दुपारी मिटायला लागली. वकीलसाहेब गच्चीवर येऊन मला बघून गेले.

"उन्हाळ्यात आपण केस बारीक करतो की नाही?" ते म्हणाले. "मग यालाही हलकं कर. गार वाटेल बिचाऱ्याला."

आणि दादानं केलं. एका बैठकीत मला पार तासून टाकलं. अहो, पानं म्हणजे माझे केस नव्हेत! ती माझी छत्री आहे. ती गेल्यावर ऊन सरळ सालीवर आलं आणि पश्चिमेच्या बाजूची साल भाजून निघाली. तिथे अजून काळपट चट्टा आहे.

उन्हाळा सरला म्हणून मी वाचलो. मग थंडी आली आणि माझी पानं गळली. डाळिंबाची पानं थंडीत गळतात. पिढ्यानपिढ्या गळत आलीत. पण गच्चीवर हाहाकार माजला. "अहो, मेलं हो झाड!" म्हणून वहिनी ओरडली आणि नवरा-बायको दोघंही पाणी घालायला लागले. सकाळी ती, संध्याकाळी तो, एकमेकांना न सांगता, बादलीबादलीनं. जेव्हा मला घोटभर पुरे होतं तेव्हा हे मला बुडवत होते. वसंतात नवी पानं फुटली तेव्हा दादा सगळ्या गिऱ्हाइकांना सांगत सुटला, "मी वाचवलं त्याला." कपाळ माझं! पण तेही मला नाही.

पण त्याच वसंतात काहीतरी बदललं. त्याच्या आधी दादाची कात्री माझ्यावर चालायची तेव्हा एकच आवाज यायचा, टक्. काप सरळ, स्वच्छ, जिथून अंकुर फुटतो त्या डोळ्याच्या बरोबर वर. मी कितीही वैतागलो तरी कापावर बोट ठेवायला जागा नसायची. आता कात्रीचं पातं सालीवर थडथडायला लागलं. फांदी अर्धवट चिरली जायची, मग तो पुन्हा लावायचा, पुन्हा घसरायची. आधी वाटलं कात्रीची धार गेली. मग मी त्याचा हात बघितला. उजवा. तो हलत होता. जोरात नाही. हातातल्या बशीत कप किणकिणेल तेवढाच.

तो दुपारी यायला लागला. वहिनी शिकवायला गेलेली असे, सलून जेवणासाठी बंद असे. कठड्यावर कोपर टेकवून तो हात स्थिर करायचा. श्वास रोखायचा. एक पान नेमकं देठावर कापायचा प्रयत्न करायचा. जमलं तर स्वतःशीच म्हणायचा, "आज ठीक आहे. आज बरा आहे." नाही जमलं तर दुसरं पान, मग तिसरं. कधी डाव्या हातानं. मनासारखा एक काप पडेपर्यंत खाली जायचा नाही.

मला त्याची दया यायला हवी होती, नाही का? तुम्ही माणसं म्हणाल तसं. पण मला आधी आलं ते रागाचं भरतं. मी काय त्याचा सरावाचा पुतळा होतो? नवी पालवी आली रे आली की त्यावर चाचणी. एवढा वेळ तो माझ्यासमोर घालवत होता, आणि त्या सबंध वेळात एकदाही त्याचं बोट मातीत गेलं नाही. कात्री लावताना जी बोटं साथ देत नव्हती ती मातीत खुपसायला काय हरकत होती? तिथे थरथरली असती तरी कुणाला दिसलं असतं?

मग एक दिवस जिन्यातून खालचा आरडाओरडा वर आला.

"दादा! अहो, कान माझा आहे!" वकीलसाहेबांचा आवाज. मग ते हसले. "जरासंच रक्त आहे, पुसा. डुलकी लागली का तुम्हाला?"

दादा काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. थोड्या वेळानं शटर खाली ओढल्याचा आवाज आला, गिऱ्हाइकाची वेळ असताना.

त्यानंतर तो गच्चीवर यायचा बंद झाला.

तो यायचा तेव्हा मी त्याच्या कात्रीला शिव्या घालत होतो. तो यायचा थांबला तेव्हा कळलं, की निदान ती फुसफुस बाटली तरी होती. उन्हाळा पुन्हा भरात आला. कोरडा, भाजून काढणारा वारा दिवसभर सुटायचा. वहिनी उजाडायच्या आत गाडी काढायची, कारण तिच्या शिकाऊ लोकांना उन्हात यायचं नसे. ऊन इतकं की तिनं कपडे खालीच, सलूनच्या मागच्या बोळात वाळत घालायला सुरुवात केली. म्हणजे चादरीही गेल्या. माती आक्रसली, कुंडीच्या कडेपासून सुटली, मध्ये बोटभर फट पडली. कुंडीच्या आतल्या कडेला नळाच्या पाण्यातला क्षार पांढरा साचला होता, तो मुळांना चरचरायचा. पानं आधी कडेनं वळली, मग कुरकुरीत झाली. गळलीसुद्धा नाहीत, तशीच चिकटून राहिली. जे पान गळतं ते झाडानं सोडलेलं असतं. जे चिकटून वाळतं, ते सोडण्याइतकीही ताकद झाडात उरलेली नसते.

सांगतो, त्या दिवसांत माझा वैतागही सुकला. काहीच वाटेनासं झालं.

वहिनी वर आली ती एसीच्या पेटीतून काहीतरी खडखडतंय म्हणून. मला बघून ती जिन्याच्या तोंडाशी धावली आणि खाली ओरडली, "अहो! तुमचं झाड वाळलं! वर या!"

खालून उत्तर आलं, "असू दे."

ती तिथेच थबकली. ज्याचा कंगवा जागचा हलला तर दिवस वाईट जातो, तो माणूस "असू दे" म्हणाला होता. तिनं पुन्हा हाक मारली नाही. खाली गेली आणि त्याला दंडाला धरून वर घेऊन आली. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला. सलूनवाल्याची दाढी वाढलेली मी प्रथमच पाहत होतो. तिनं दुसऱ्या हातानं फोन लावला होता आणि आवाज मोठा केला होता.

"आबा, ते डाळिंब वाळलंय. पूर्ण."

"पाणी कोण घालत होतं?" फोनमधून आबा गुरगुरले. इतक्या दिवसांनी तो आवाज ऐकून मला काय वाटलं ते सांगत नाही.

वहिनीनं नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्यानं तिच्याकडे.

"म्हणजे कुणीच नाही," आबा म्हणाले. "मातीला फट पडलीये? मग वरून ओतू नकोस, सगळं कडेनं वाहून जाईल. टब घे. अख्खी कुंडी बुडव. बुडबुडे यायचे थांबेपर्यंत हलवू नकोस. आणि आधी साल खरवडून बघ. खाली हिरवं असेल तर जिवंत आहे. तपकिरी असेल तर..." ते थांबले. "बघ आधी."

"नखानं?" वहिनीनं विचारलं. तिची नखं कापलेली.

"वस्तरा आहे ना घरात! तुझा नवरा काय करतोय? दे त्याच्याकडे."

वहिनी खालून वस्तरा घेऊन आली आणि नवऱ्यापुढे धरला. "घ्या. खरवडा."

त्यानं हात खिशातून काढला नाही.

"अहो, घ्या ना! ऊन बघा किती आहे. मरेल ते."

"तू कर."

"मला येत नाही. तुमचं काम आहे ते. काय झालंय तुम्हाला?"

मग त्यानं हात बाहेर काढला. वस्तरा घेतला आणि माझ्या खोडाजवळ आणला, आणि पातं सालीवर तडतडायला लागलं. त्यानं दुसऱ्या हातानं मनगट धरलं. तरी थांबेना. वहिनी बघत राहिली. फोनमध्ये आबा "काय दिसतंय? अरे, काय दिसतंय?" असं विचारत होते.

"कधीपासून?" वहिनी म्हणाली. तो नेहमीचा आवाज नव्हता.

"थंडीपासून."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"काय सांगू? सलूनवाल्याचा हात हलतो म्हणून? उद्या कोण मान देईल माझ्या हातात?"

"मी काय गिऱ्हाईक आहे?"

तो खाली बसला, त्या तापलेल्या सिमेंटवरच. वहिनीही बसली. मग तिनं काय केलं, तर आपला हात त्याच्या हातावर ठेवला, वस्तऱ्यासकट. शिकाऊ माणसाचं स्टिअरिंग बाजूला बसून धरतात, तसा. "सावकाश," ती म्हणाली. "मी आहे." दोघांनी मिळून माझ्या खोडावरची बोटाच्या पेराएवढी साल खरवडली. फार वेडावाकडा ओरखडा होता तो.

खाली हिरवं होतं.

"आबा, हिरवं आहे!" वहिनी फोनवर ओरडली, पहिल्यासारखी. "फिकट आहे, पण हिरवं आहे!"

"मग बुडवा की! माझं तोंड काय बघताय!" फोनवर तोंड कसं दिसेल, पण आबा ते आबाच.

त्यांनी मला केस धुवायच्या टबात बुडवलं. किती बुडबुडे निघाले! मी पाणी पीत होतो आणि माझ्या वर ती दोघं बोलत होती. तो सांगत होता की दुपारी मी याच्यावर हात करून बघायचो, आणि ती म्हणत होती की म्हणून बिचाऱ्याचं असं खराट्यासारखं झालं. मध्येच ती रडली आणि लगेच त्याच्यावरच चिडली, की रडवता कशाला. मला त्यात पडायचं नव्हतं. मी पीत राहिलो.

पुढचं थोडक्यात सांगतो. दादा डॉक्टरकडे गेला. डॉक्टरांनी एक लांबलचक नाव सांगितलं आणि म्हणाले, औषधानं थरथर कमी होईल, पण पूर्ण जाणार नाही. कात्री सुटली. तो काही दिवस फार वाईट होता, भांडकुदळ झाला होता. खुर्ची त्याच्या पुतणीनं घेतली. ती शहरातल्या मोठ्या सलूनमध्ये शिकून आलेली, चटपटीत मुलगी. ती कापते आणि दादा आता डोकी धुतो. गिऱ्हाईक डोळे मिटून पडलेलं असतं आणि दादाची बोटं आपली चालू असतात. वकीलसाहेब म्हणतात, असं डोकं आयुष्यात कुणी धुतलं नव्हतं. या एकाच बाबतीत त्यांच्या मताला मी मान देतो, कारण डोकं त्यांचं स्वतःचं आहे.

माझी उजवी फांदी मात्र गेली ती गेलीच. तिथे हिरवं नव्हतं. आबांनी फोनवरून सांगितलं, तोडू नका, सुकलेली तशीच राहू द्या. आता पाहुणे तिच्याकडे बोट दाखवून "किती कलात्मक!" म्हणतात. कलात्मक! असो.

मला सिमेंटवरून उचलून लाकडी बाकावर ठेवलंय. एसीच्या पेटीचं तोंड फिरवून घेतलंय. दुपारच्या उन्हाला आडवी हिरवी जाळी बांधलीये. बाकावर मला बसवताना वहिनी लांब उभी राहून हात हलवत होती. "डावीकडे. अजून. अजून थोडं. बस, बस, बस!" अशी माझी गाडी लागली. मातीवर विटेच्या बारीक खड्यांचा थर दिलाय, ओल टिकायला. पाणी दादा घालतो. सकाळी, ऊन यायच्या आधी. भर उन्हाळ्यात संध्याकाळीही. आधी बोट घालून बघतो, मग झारीनं घालतो, खालून वाहून क्षार निघून जाईपर्यंत. हात हलतो, त्यामुळे थोडं बाकावर, थोडं त्याच्या पायावर सांडतं. पण मातीत पोचतं. पाणी घालायला हात स्थिर लागत नाही. एवढी साधी गोष्ट समजायला या घराला केवढे कष्ट पडले!

आता तरी मी खूश आहे म्हणाल, तर नाही. आता दादा बोलतो फार. पाणी घालता घालता सगळ्या गिऱ्हाइकांच्या कुंडल्या मला ऐकवतो. आणि इतके महिने मला कुणी कात्री लावली नव्हती, त्यामुळे मी बेढब वाढलो होतो. आबांनी वळवून वळवून दिलेला आकार पार बुजला होता. पुतणीनं म्हटलं, "काका, मी करू का नीट?" तर दादा म्हणाला, "नको. तुझी काकू करेल."

"मी?" वहिनी कपडे टाकून वळली. "मला गाडी वळवता येते. कात्री नाही."

"मी सांगतो ना. ये इकडे."

आणि काल संध्याकाळी हा तमाशा झाला. ती कात्री धरून माझ्यासमोर उभी, आणि तो बाजूच्या स्टुलावर.

"तिथे नाही. डोळ्याच्या वर. डोळा म्हणजे तो फुगवटा. अगं, बघ तरी!"

"ओरडू नका."

"तिरका धर. तिरका! इतका नाही!"

"हे बघा, असं ओरडल्यावर माणसाचा पाय भलत्याच ठिकाणी पडतो. रोज बघते मी."

"तुझ्याच वर्गात ऐकलंय मी असं ओरडलेलं. रस्त्यावरून दुकानापर्यंत ऐकू येतं."

तिनं रागानं कात्री दाबली आणि भलतीच फांदी उडाली. चांगली, पालवी धरलेली, माझी सगळ्यात लाडकी फांदी. वहिनी हातातल्या त्या फांदीकडे बघत राहिली. तिचा चेहरा पडला.

"चुकलं हो."

दादा उठून आला. काप बघितला, त्यावर बोट फिरवलं. त्याचं बोट हलत होतं आणि त्यानं ते लपवलं नाही. "चुकू दे," तो म्हणाला. "झाड आहे. परत येतं ते."

म्हणजे बघा! माझ्या वतीनं हा परस्पर वचन देऊन मोकळा. मला विचारलं का कुणी?

येतो मी परत. आजवर दर वेळी आलोय, याही वेळी येईन. ज्यांच्या गच्चीवर, बाल्कनीत, दारासमोर माझ्यासारखं कुणी उथळ कुंडीत बसलंय, त्यांना एवढंच सांगणं आहे. कापायची घाई करू नका, कौतुकाचीही करू नका. ऊन चढतंय. आधी उठा आणि मातीत बोट घालून बघा.